नाशिकमध्ये ई-रुपया वापरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि जिल्ह्यात ई-रुपया वापरायला लागलेल्यांसाठी, किंवा वापरावा की नाही या विचारात असलेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. ई-रुपया म्हणजे रिझर्व्ह बँकेनं काढलेला डिजिटल रुपया. त्याची आणि बिटकॉइनची बरीच गल्लत होते, म्हणून बिटकॉइनबद्दलचे प्रश्नही पुढे घेतले आहेत.

ई-रुपया म्हणजे नेमकं काय?

नोटच, पण फोनमधली. नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्या नोटेचं देणं जसं रिझर्व्ह बँकेवर असतं, तसंच ई-रुपयाचंही असतं. २०२२ च्या वित्त कायद्यानं रिझर्व्ह बँक कायद्यातल्या बँक नोटेच्या व्याख्येत डिजिटल रूपाची भर घातली. १ डिसेंबर २०२२ ला मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर या चार शहरांत सामान्य ग्राहकांसाठी प्रायोगिक वापर सुरू झाला आणि नंतर तो वाढत गेला.

मग यूपीआय असताना याची गरज काय?

खरं सांगायचं तर रोजच्या चहा-मिसळीसाठी गरज नाही. यूपीआय उत्तम चालतं. फरक आत आहे. यूपीआय म्हणजे पैसे नव्हेत, ती एका बँकेनं दुसऱ्या बँकेला दिलेली सूचना आहे. पैसे खात्यात असतात, आणि खात्यातली शिल्लक म्हणजे बँकेनं तुमचं देणं लागणं. बँकेवर निर्बंध आले की पैसे काढण्यावर मर्यादा येते आणि ठेव विम्याचं संरक्षण ५ लाखांपर्यंतच असतं. ई-रुपया बँकेच्या ॲपमध्ये दिसत असला तरी तो बँकेचा नाही, रिझर्व्ह बँकेचा आहे.

दुसरा फरक रोज जाणवतो. तो म्हणजे पासबुक. आठवड्याला २,००० रुपये वॉलेटमध्ये, म्हणजे ॲपमधल्या ई-रुपयाच्या पाकिटात, भरले तर खात्यात एकच नोंद दिसते. मग त्यातून तीस ठिकाणी दहा-वीस रुपये दिले तरी त्या तीस ओळी बँकेच्या उताऱ्यात येत नाहीत, वॉलेटच्या इतिहासात राहतात. गृहकर्जासाठी सहा महिन्यांचा उतारा देणाऱ्यांना आणि छोट्या दुकानदारांना याची किंमत कळते.

माझं खातं जिल्हा बँकेत किंवा पतसंस्थेत आहे. चालेल का?

त्यांचं स्वतःचं ई-रुपया ॲप नाही. स्टेट बँक, बँक ऑफ बडोदा, युनियन बँक, कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, एचडीएफसी, आयसीआयसीआय, ॲक्सिस, कोटक यांचं आहे. यांपैकी कुठेही बचत खातं असेल तर तेच वापरा, मुद्दाम नवं खातं उघडू नका. काही ॲपमध्ये दुसऱ्या बँकेच्या खात्यातून यूपीआयनं वॉलेट भरता येतं, काहींत फक्त त्याच बँकेच्या खात्यातून. हे नोंदणीआधीच बघून घ्या.

वॉलेट सुरू कसं करायचं?

१. बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर ज्या सिमवर आहे ते सिम त्याच फोनमध्ये हवं. सिम दुसऱ्या फोनमध्ये ठेवून ओटीपी सांगण्याची युक्ती इथे चालत नाही.

२. ॲपची लिंक बँकेच्या संकेतस्थळावरून घ्या. व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेली फाइल कधीच टाकू नका.

३. फोनला स्क्रीन लॉक लावा. तो नसेल तर ॲप पुढे जाऊ देत नाही.

४. ॲप उघडून सिम निवडा. ॲप स्वतःहून एक एसएमएस पाठवतं. तो जाईपर्यंत ॲप बंद करू नका.

५. खातं जोडा. बहुधा डेबिट कार्डाचे शेवटचे आकडे आणि मुदत विचारली जाते.

६. वॉलेटचा पिन ठेवा. तो एटीएमचा किंवा यूपीआयचा नसावा.

पहिल्यांदा १०० रुपये भरा, घरातल्याच कुणाच्या तरी वॉलेटवर १० रुपये पाठवा, उरलेले खात्यात परत घ्या. तिन्ही गोष्टी जमल्या की मगच मोठी रक्कम भरा.

सिम पडताळणीच पुढे जात नाही. काय चुकतंय?

दहातल्या नऊ वेळा भानगड एसएमएसची असते. फोनमध्ये दोन सिम असतात आणि एसएमएस दुसऱ्याच सिमवरून जातो. फोनच्या सेटिंगमध्ये एसएमएससाठी बँकेचंच सिम ठरवून ठेवा. रिचार्ज संपलेल्या सिमवर फोन येत राहतात, पण त्यावरून एसएमएस जात नाही. काही डेटा पॅकमध्ये एसएमएस नसतातच, अशा वेळी थोडा टॉकटाइम लागतो. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर प्रयत्न केला की बरेचदा काम होतं. रूट केलेला (कंपनीनं घातलेली सुरक्षा काढून टाकलेला) फोन, चालू असलेले डेव्हलपर पर्याय आणि स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारी ॲप या तिन्हींवर बँकेची ॲप अडून बसतात. लागोपाठ पाच-सहा वेळा प्रयत्न केल्यास नोंदणी काही तासांसाठी बंद पडू शकते. दोनदा अडकलं की थांबा, कारण शोधा आणि मग पुन्हा करा.

किती पैसे ठेवावेत? व्याज मिळतं का?

व्याज नाही. खिशातल्या नोटेवर मिळत नाही, तसंच इथेही. त्यामुळे आठवड्याच्या वरखर्चापुरतीच रक्कम ठेवा, म्हणजे साधारण २,००० ते ३,००० रुपये. वॉलेटमध्ये एकूण किती ठेवता येतात, एका वेळी किती पाठवता येतात आणि दिवसाला किती भरता येतात या मर्यादा बँकेगणिक वेगळ्या आहेत आणि बदलत राहतात. ॲपमधलं मर्यादेचं पान एकदा बघून ठेवा. वॉलेटमधले पैसे खात्यात परत घ्यायला काही शुल्क लागत नाही. ॲपमध्ये तो पर्याय ‘रिडीम’ नावानं असतो.

सुट्ट्यांची भानगड इथेही आहे का?

वॉलेटमध्ये खरोखरच ५०० पासून ५० पैशांपर्यंतच्या नोटा-नाणी दिसतात. भरताना कोणत्या किती हव्यात ते निवडता येतं किंवा ॲपवर सोडता येतं. सोडलेलंच बरं. पैसे देताना फक्त रक्कम टाका, नोटांची जुळवाजुळव ॲप करतं. पेट्रोल पंपावर ५०३.२७ अशी रक्कम आली आणि व्यवहार अडला, तर रुपयात पूर्ण होणारी रक्कम सांगून पेट्रोल भरा. सगळ्यात लहान नाणं ५० पैशांचं आहे.

मेन रोडवरच्या दुकानदारानं ई-रुपयाचं नावही ऐकलेलं नाही. त्याला पैसे कसे देणार?

त्याला माहीत असण्याची गरजच नाही. त्याच्या काउंटरवर यूपीआयचा क्यूआर असतोच. तुमच्या ई-रुपया ॲपमधून तो स्कॅन करा, रक्कम टाका, पिन द्या. तुमच्या वॉलेटमधून ई-रुपया जातो, त्याच्या बँक खात्यात नेहमीसारखे पैसे जमा होतात आणि त्याचा साउंडबॉक्सही नेहमीसारखाच बोलतो. क्यूआर ई-रुपया ॲपमधूनच स्कॅन करायचा. फोनच्या कॅमेऱ्यानं स्कॅन केला तर यूपीआयचं ॲप उघडतं आणि पैसे खात्यातून जातात. ही सर्वांत जास्त होणारी गफलत आहे.

दुकानदारांना नाव माहीत नसणं साहजिक आहे. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालानुसार मार्च २०२५ अखेर चलनात सुमारे १,०१६ कोटींचा ई-रुपया होता. त्याच वेळी कागदी नोटा ३६ लाख कोटींहून अधिक किमतीच्या होत्या.

भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले, घरकामाच्या ताई यांना?

त्यांच्याकडे व्यापाऱ्यांसाठीचा क्यूआर असेल तर वरचंच उत्तर. नुसता मोबाइल नंबर असेल तर त्या नंबरवर ई-रुपया वॉलेट हवं. ते नसेल तर ॲप तसं सांगतं आणि पैसे जात नाहीत. मग सरळ यूपीआय करा किंवा रोख द्या. महामार्ग बसस्थानकासमोर रिक्षावाल्याला थांबवून वॉलेट उघडायला लावण्यात अर्थ नाही.

रेंज नसेल तर? त्र्यंबक, हरसूल, पेठकडे गेल्यावर काय?

रोख जवळ ठेवा, हे पहिलं उत्तर. ऑफलाइन ई-रुपया ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं खुला केला. त्यात इंटरनेट नसताना स्कॅन करून किंवा फोनला फोन टेकवून पैसे देता येतात. टेकवण्यासाठी दोन्ही फोनमध्ये एनएफसी लागतं आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ते नसतं. सेटिंगमध्ये ‘एनएफसी’ असं शोधून बघा. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये ही सोय आहे का, हेही आधीच तपासा.

ऑफलाइनसाठीची रक्कम रेंज असतानाच बाजूला काढून ठेवावी लागते. अंजनेरीच्या पायथ्याशी पोचल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. शिवाय ती रक्कम त्या फोनमध्येच असते, त्यामुळे फोन हरवल्यावर ती परत मिळेल असं धरून चालू नका. पाचशे रुपये पुष्कळ झाले.

२०२७ च्या सिंहस्थासाठी बाहेरगावचे नातेवाईक येणार असतील त्यांनाही हेच सांगा. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाच्या परिसरात टॉवर असले तरी गर्दीमुळे डेटा रेंगाळतो, आणि अशा वेळी ‘प्रलंबित’ व्यवहारांचा खच पडतो. फूल-प्रसादाला, पूजेच्या दक्षिणेला दहा-वीसच्या नोटा हव्यातच.

मी दुकानदार आहे. मला काय फायदा, काय तोटा?

यूपीआयचा क्यूआर असेल तर ग्राहकाचा ई-रुपया आपोआप तुमच्या खात्यात येतो, वेगळं काही करायला नको. स्वतःचं ई-रुपया वॉलेट घेतलंत तर पैसे थेट त्यात येतात आणि दिवसाअखेर एकदाच खात्यात घेता येतात. खात्याचा उतारा सुटसुटीत राहतो.

‘उताऱ्यात दिसत नाही म्हणजे उलाढालीत धरायचं नाही’ हा समज मात्र डोक्यातून काढा. वॉलेटमधली जमा ही विक्रीच आहे. वस्तूंच्या विक्रीला ४० लाख आणि सेवांना २० लाख ही जीएसटी नोंदणीची उलाढालीची मर्यादा मोजताना रोख, यूपीआय आणि ई-रुपया सगळं एकत्र धरलं जातं. महिन्याच्या शेवटी वॉलेटचा इतिहास उतरवून हिशेबनिसाला द्या. फोन बदलल्यावर जुना इतिहास दिसेलच याची खात्री धरू नका.

गल्ल्यावर पोऱ्या बसत असेल तर वॉलेट तुमच्या फोनवर आणि संदेश तुमच्याच फोनवर, अशी पंचाईत होते. वॉलेट सिमला बांधलेलं असल्यामुळे ते दोन फोनवर चालत नाही. अशा दुकानात साउंडबॉक्सवाला यूपीआयच सोयीचा.

कांद्याची हिशेबपट्टी, सराफ बाजारातलं सोनं, असे मोठे व्यवहार करता येतील?

नाही, आणि करूही नयेत. लासलगाव किंवा पिंपळगावला ट्रॉलीभर कांद्याचे पैसे वॉलेटच्या मर्यादेत बसतीलच असं नाही. बसले तरी एवढी रक्कम बिनव्याजी फोनमध्ये ठेवण्यात शहाणपण नाही. तिथे एनईएफटी, आरटीजीएस आणि खात्यावरची पक्की नोंद हवी.

पैसे कापले गेले, समोर पोचले नाहीत.

लगेच दुसऱ्यांदा देऊ नका. आधी वॉलेटचा इतिहास उघडून व्यवहाराची स्थिती पाहा. ‘अयशस्वी’ असेल तर रक्कम वॉलेटमध्ये परत आलेली असते किंवा थोड्या वेळात येते. ‘प्रलंबित’ असेल तर थांबा. घाई असेल आणि दुकानदार ओळखीचा असेल तर नंबर देऊन जा, नसेल तर रोख द्या आणि पहिले पैसे पोचल्यास परत करण्याचं कबूल करून घ्या. ‘यशस्वी’ असूनही दुकानदाराला मिळाले नसतील तर व्यवहार क्रमांकाचा फोटो काढा आणि ॲपमधूनच तक्रार नोंदवा. शिल्लक दोन ठिकाणी बघायची असते, वॉलेटमध्ये आणि खात्यात. बरेच जण खात्याची शिल्लक बघून वॉलेटची तक्रार करतात.

चुकीच्या नंबरवर गेले तर?

रस्त्यात चुकून भलत्याच्या हातात नोट दिल्यासारखंच. त्याची संमती असल्याशिवाय बँक परस्पर ओढून घेऊ शकत नाही. बँकेला कळवा, ती त्या माणसाला विनंती करते. म्हणून पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा. नवा नंबर असेल तर आधी १ रुपया पाठवून विचारून घ्या.

फोन हरवला किंवा बदलायचा आहे.

हरवला असेल तर क्रम असा : बँकेला फोन करून वॉलेट आणि खात्याचे डिजिटल व्यवहार बंद करा, मोबाइल कंपनीकडून सिम बंद करा, पोलिसांत तक्रार द्या आणि मग संचार साथी संकेतस्थळावर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून हँडसेट अडवा. त्याच नंबरचं नवं सिम मिळालं की नव्या फोनवर पुन्हा नोंदणी करा, वॉलेटमधली ऑनलाइन शिल्लक परत दिसते. नवं सिम सुरू झाल्यावर पहिले काही तास एसएमएस अडतात, तेव्हा घाबरू नका.

स्वतःहून फोन बदलत असाल तर आधी सगळे पैसे खात्यात घ्या, जुन्या फोनवरची नोंदणी रद्द करा, मग नव्यावर सुरू करा. चुकून ॲप काढून टाकलं तर पैसे जात नाहीत. बँकेतला मोबाइल नंबरच बदलायचा असेल तर मात्र वॉलेट आधी रिकामं करा.

सरकारला सगळं दिसतं का?

नोटेइतकं निनावी नाही आणि खात्याइतकं उघडही नाही. वॉलेट तुमच्या केवायसीवर उघडतं, म्हणजे कायदेशीर मागणी आली तर बँक माहिती देऊ शकते. चोरून ठेवायचं काही असेल तर ही जागा नव्हे.

ठरावीक कामालाच खर्च होणारा ई-रुपया असतो असं ऐकलं.

असतो. देणारा त्यावर मुदत, ठिकाण किंवा दुकानाचा प्रकार बांधून देऊ शकतो. उदाहरणार्थ, कंपनीनं दिलेला इंधन भत्ता फक्त पेट्रोल पंपावर चालेल. ओडिशात सुभद्रा योजनेच्या काही लाभार्थींना ई-रुपयातून रक्कम दिली गेली आहे. अंबड-सातपूरच्या एखाद्या कारखान्यानं उद्या असा भत्ता दिला तर दोनच गोष्टी विचारा : कुठे चालतो आणि कधी संपतो. मुदत संपलेली रक्कम देणाऱ्याकडे परत जाऊ शकते.

नाशिकमध्ये बिटकॉइननं खरेदी करता येते का?

बिटकॉइन भारतात कायदेशीर चलन नाही, म्हणजे ते घ्यायला कोणताही दुकानदार बांधील नाही. बंदीही नाही. क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देऊ नका असं बँकांना सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये रद्द केलं. पण काउंटरवर ते अवघड आहे. व्यवहार ब्लॉकचेनमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या सामायिक नोंदवहीत, नोंदायला सरासरी १० मिनिटं लागतात, त्याचं शुल्क वेगळं, आणि एकदा गेलेलं परत येत नाही.

त्याहून मोठी अडचण कराची. बिटकॉइन देऊन वस्तू घेणं म्हणजे बिटकॉइन विकणंच. ४०,००० ला घेतलेल्या बिटकॉइनमधून ६०,००० चा फोन घेतला तर २०,००० नफा धरला जातो. त्यावर ३० टक्के म्हणजे ६,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर २४०, असा एकूण ६,२४० रुपये कर होतो. दुसऱ्या क्रिप्टो नाण्यात झालेला तोटा यातून वजा होत नाही. १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून आहे. ई-रुपया खर्च करताना यातलं काहीच लागत नाही, कारण तो रुपयाच आहे.

यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) ओळखीच्याला विकून जास्त भाव मिळतो म्हणतात.

भाव मिळतो, आणि कधी कधी गोठवलेलं खातंही मिळतं. समोरचा माणूस फसवणुकीतले पैसे तुमच्या खात्यात टाकतो, मूळ पीडित तक्रार करतो आणि पैशांचा माग काढत पोलीस तुमच्या बँकेला रक्कम रोखायला सांगतात. तक्रार दुसऱ्या राज्यात झालेली असू शकते, आणि मग तिथल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार किंवा प्रत्यक्ष फेऱ्या. व्यवहार करायचाच तर वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी असलेल्या क्रिप्टो एक्स्चेंजवरच (खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारावरच) करा, आणि पगाराचं खातं त्यात अडकवू नका.

‘सरकारी डिजिटल करन्सीत गुंतवा, तीन महिन्यांत दुप्पट’ असा संदेश आलाय.

ई-रुपया वाढत नाही. आज शंभर, वर्षानं शंभर. त्यात गुंतवणूक, साखळी, कमिशन, लवकर घेणाऱ्यांना सवलत असं काही नसतं. हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक घेऊन नाणं विकणारा माणूस भला वाटला तरी उठून या. आणि पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. तसं कुणी सांगितलं की फोन ठेवा.

फसवणूक झाली किंवा बँक दाद देत नाही. कुठे जायचं?

फसवणूक असेल तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत फोन झाला तर पैसे पुढे जाण्याआधी रोखले जाण्याची शक्यता बरीच जास्त असते. व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम, समोरच्याचा नंबर आणि स्क्रीनचे फोटो हाताशी ठेवा. तीच तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवा. मिळालेला क्रमांक घेऊन शहरात असाल तर शहराच्या, ग्रामीण भागात असाल तर ग्रामीणच्या सायबर पोलीस ठाण्यात जा.

बँकेच्या चुकीबद्दल असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. शाखेत तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. अर्जात बँकेला केलेल्या तक्रारीची तारीख आणि प्रत जोडायला विसरू नका, ती नसेल तर अर्ज परत येतो.